गाडी पळवण्याआधी ती ओढायची कशी ते ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या युटा राज्यातील बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या ‘स्पीड वीक’ या वेगस्पर्धेवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आपल्याकडचे अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी स्वतः बांधलेली मोटारसायकल तेथे नेण्याच्या तयारीत आहेत, हे वाचून फार आनंद झाला. लेखाच्या चौकटीत त्यांच्या खर्चाचा आराखडा छापला आहे. त्यात इंजिन आहे, फेअरिंग (गाडीवरचे हवा कापणारे आवरण) आहे, टायर आहेत, चालकाचा चामडी पोशाख, विमा आणि जहाजाचे भाडेही आहे. प्रत्यक्ष मैदानावर ही गाडी एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची कशी, याबद्दल मात्र ‘भाड्याची पिकअप’ या दोन शब्दांपलीकडे काही नाही. नोकरीनिमित्त युटामध्ये राहत असताना एका मित्राच्या पथकात मी मदतनीस म्हणून काम केले आहे. मदतनिसाच्या वाट्याला तेथे मुख्यतः हेच काम येते, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

त्याआधी लेखातील एका आकड्याची दुरुस्ती. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९६७ साली १९२० च्या ‘इंडियन स्काउट’वर एक हजार सीसीपर्यंतच्या गटात केलेला विक्रम लेखात ताशी १८३.५८६ मैल असा दिला आहे. सरासरी काढताना झालेली चूक २०१४ मध्ये लक्षात आल्यावर हा विक्रम १८४.०८७ मैल असा सुधारण्यात आला आहे. अर्ध्या मैलाचाच फरक, पण या खेळात माणसे अर्ध्या मैलासाठी वर्षे घालवतात.

आता मूळ मुद्दा. वाचकांना कदाचित वाटेल की गाडी धावते, थांबते, वळते आणि चालवत परत येते. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, तेव्हा बहुतेक गाड्या खरोखरच तशा परत येतात, कारण अंतर थोडे असते, जमीन डांबरी असते आणि गाड्याही बहुतांशी रस्त्यावर चालणाऱ्याच असतात. बोनव्हिलचा मोठा मार्ग ५ मैलांचा, म्हणजे ८ किलोमीटरचा आहे, आणि छोटा ३ मैलांचा. त्याच्या पुढे वेग उतरवण्यासाठी आणखी मोकळी जागा असते. पथकांचे तळ मार्गापासून दूर एका बाजूला असतात. त्यामुळे तळावरून सुरुवातीच्या रेषेपर्यंत, मग मार्गाच्या टोकापासून परतीच्या वाटेने तळापर्यंत, असा एका धावेमागचा हेलपाटा धावेपेक्षा लांब होतो. धाव जर चालू विक्रमापेक्षा वेगाची झाली, तर गाडी आपल्या तळावर न्यायचीच नसते. ती इम्पाउंडमध्ये, म्हणजे पंचांच्या देखरेखीखालच्या राखीव तळावर न्यावी लागते. तेथे ठरलेले चार तास दुरुस्तीला मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी धाव होते. दोन्हींची सरासरी हा विक्रम. म्हणजे भल्या पहाटे पुन्हा एक खेप.

एवढे अंतर गाडी स्वतःच्या इंजिनावर का कापत नाही? पहिले कारण गिअरचे. समजा, एखादी गाडी सहाव्या गिअरमध्ये इंजिनाच्या ११,००० फेऱ्यांना ताशी ३२० किलोमीटर जाईल अशा दात्यांची चक्रे तिला बसवली आहेत आणि पहिला गिअर सहाव्यापेक्षा अडीच पट ‘छोटा’ आहे. हिशेब मांडला तर पहिल्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांनाही ती ताशी सुमारे २३ किलोमीटरने पळणार. माणसांच्या आणि वाहनांच्या गर्दीतून त्याहून हळू जायचे तर क्लच अर्धा दाबून ठेवावा लागतो आणि धावेसाठी जपलेल्या क्लचप्लेटा तळावरच्या वर्दळीत जळतात. दुसरे कारण उष्णतेचे. पंखा नाही, कित्येक गाड्यांना रेडिएटरही नसतो, नुसती पाण्याची टाकी असते, आणि हळू चालताना समोरून वारा मिळत नाही. अनेक गाड्यांवर इंजिनाची ताकद वाचावी म्हणून वीज तयार करणारा आल्टरनेटरच काढून टाकलेला असतो. बॅटरीत धावेपुरतीच वीज असते. पेट्रोल गटात टाकी भरून मोहोरबंद केलेली असते. शिवाय अंगाला बिलगलेल्या फेअरिंगमुळे हँडल दोन्हीकडे जेमतेम काही अंशच वळते, त्यामुळे अशी गाडी वळवायला आपल्या गल्लीएवढी जागा पुरत नाही. तेव्हा ती ओढावी लागते, किंवा उचलून न्यावी लागते.

ओढण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे पट्टा. पिकअपच्या मागच्या हुकाला नायलॉनचा लांब पट्टा लावायचा, चालकाने गाडीवर बसायचे, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि पट्ट्याचे दुसरे टोक चालकाच्या ताब्यात. रस्त्यात बंद पडलेल्या स्कूटरला मागून दुसऱ्या स्कूटरवाल्याने पाय लावून पंपापर्यंत ढकलत नेणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की हा प्रकार पाहून आपल्या मुलांना त्यात वावगे काही वाटणार नाही. पण ढकलताना पाय काढला की संबंध सुटतो. पट्ट्याचे तसे नाही. तो कोठेही गाठ मारून बांधायचा नाही, हा पहिला नियम. टोकाला एकच वेढा द्यायचा आणि ते टोक हातात किंवा बुटाखाली दाबून धरायचे, म्हणजे काही बिनसले तर हात उघडताच किंवा पाय उचलताच पट्टा निसटून जातो.

वेढा द्यायचा कोठे, यावर मैदानावर दोन पंथ आहेत. काही जण डाव्या मुठीवर देतात. मला ही रीत मुळीच पटत नाही. ओढ एका बाजूने लागते, हँडल त्या बाजूला खेचले जाते आणि चालकाला दुसऱ्या हाताने ते सतत सरळ धरून ठेवावे लागते. त्यातून फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, नळीला नुसते आवळून बसवलेले आखूड हँडल असेल तर ते जागेवरून फिरतेही. काही जण डाव्या फूटरेस्टभोवती वेढा देऊन टोक बुटाखाली धरतात. त्यात ओढ खालून आणि गाडीच्या सांगाड्यावर लागते, हँडल मोकळे राहते, पण तरीही ती एका बाजूची ओढच. त्यातल्या त्यात बरे म्हणजे पट्टा फोर्कच्या दोन्ही नळ्या जोडणाऱ्या खालच्या जोडपट्टीच्या मधोमध, गाडीच्या मध्यरेषेवरून घ्यायचा आणि त्याचे टोक डाव्या हातात आणायचे. डावा हात अशासाठी की पुढच्या ब्रेकची पट्टी उजव्या हाताला असते आणि तो हात मोकळा राहिलाच पाहिजे. फेअरिंगने पुढचा भाग पूर्ण झाकलेला असेल तर मात्र हे करता येत नाही.

सपाट, कोरड्या मिठावर मोटारसायकल ओढायला फारसे बळ लागत नाही. धोका झटक्यात असतो. मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. पिकअप परतीच्या वाटेवर चालत होती आणि पुढे दुसरे वाहन आडवे आले म्हणून थांबली. मागच्या गाडीवरच्या चालकाने ब्रेक लावला, पण थोडा उशिरा. गाडी दोनेक फूट पुढे गेली आणि सैल झालेला पट्टा पुढच्या चाकाखाली आला. पिकअपवाल्याला आरशात फक्त हेल्मेट दिसत होते. तो निघाला, चाकाखाली दबलेला पट्टा ताठ झाला, पुढचे चाक आडवे फिरले आणि माणूस चालतो त्या वेगाने जाणारी गाडी आडवी झाली. चालकाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. फूटरेस्ट वाकला, फेअरिंगचा खालचा भाग तडकला आणि त्या दिवसाची धाव गेली. ताशी दोनशे मैलांना न पडलेली गाडी परत येताना अशी पडावी, याचे त्या पथकाला किती वाईट वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

या रीतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे चालकाचा थकवा. ऑगस्टच्या उन्हात, डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या जमिनीवर, रांगेत ताटकळून मग धाव घेतलेल्या माणसाला चामड्याचा पोशाख आणि हेल्मेट तसेच अंगावर ठेवून पुन्हा काही किलोमीटर हातात पट्टा धरून तोल सांभाळत यायला लावायचे, हे मला योग्य वाटत नाही. त्याने गाडीवरून उतरावे, पाणी प्यावे आणि पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून यावे. रांगेत दहा-वीस फूट पुढे सरकायचे असेल तेव्हा गाडी हाताने ढकलावी. तळावरच्या तळावर, शंभर-दोनशे मीटरसाठी पट्टा चालेल. त्यापुढे नाही.

दुसरी रीत म्हणजे पुढचे चाक उचलून नेणे. पिकअपच्या मागच्या दोन इंची चौकोनी सॉकेटात बसणारा एक पाळणा मिळतो. त्यात पुढचे चाक चढवून पट्ट्यांनी आवळले की मागचे चाक जमिनीवर फिरत राहते आणि गाडीवर कोणी बसावे लागत नाही. दोनशे किलोच्या गाडीचा साधारण निम्माच भार पिकअपवर येतो, एक माणूस दोन मिनिटांत गाडी लावू शकतो, आणि विद्यार्थ्यांच्या हलक्या गाडीसाठी माझी पहिली शिफारस हीच राहील. पण पाळणा विकत घेताना एक गोष्ट नीट पाहावी. स्वस्त पाळण्यात चाक पिकअपला घट्ट जखडले जाते आणि पिकअप वळते तेव्हा गाडी आपल्याच फोर्कच्या सांध्यावर वळते. म्हणजे हँडल वळण्याला जितकी मुभा असेल तितकेच ते वळण. रस्त्यावरच्या गाडीचे हँडल भरपूर वळते, म्हणून तिला हे चालते. आपल्या शर्यतीच्या गाडीचे हँडल काही अंशांतच फेअरिंगला किंवा हँडल अडवणाऱ्या थांब्याला टेकते. त्यानंतरही पिकअप वळत राहिली तर सगळा पीळ फोर्कच्या नळ्यांवर, थांब्यावर आणि स्टिअरिंग डॅम्परवर (हँडलची थरथर शोषणाऱ्या दांड्यावर) येतो. डॅम्परचा दांडा वाकला तर दुसऱ्या दिवशी तपासनीस गाडी धावूच देणार नाहीत, आणि द्यायलाही नको. म्हणून ज्या पाळण्यात चाकाच्या बैठकीखाली स्वतःचा फिरता सांधा आहे, तोच घ्यावा, आणि हँडल सरळ बांधून टाकावे. असा पाळणा आपल्याकडचा कोणताही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. त्यात अवघड काही नाही. तो सुटा करून गाडीबरोबरच खोक्यात घालावा, म्हणजे तिकडे जाऊन शोधाशोध नको.

मागचे चाक फिरते म्हणजे चेन आणि गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्टही फिरतो, आणि इंजिन बंद असल्यामुळे तेलाचा पंप बंद असतो. मैदानावरच्या थोड्या अंतराला, हळू वेगाने, याने बिघडत नाही. महामार्गावर वेन्डोव्हर गावापर्यंत न्यायची असेल तर मात्र चेन काढावी.

काही जणांना सुचते की मागचेच चाक उचलून गाडी उलटी ओढावी, म्हणजे चेनचा प्रश्नच उरणार नाही. हे कोणी करू नये. पुढचे चाक सरळ राहते ते फोर्कच्या तिरक्या बसण्यामुळे, पुढे जाताना. उलट दिशेने ओढले की तीच रचना चाकाला गरकन फिरवू पाहते आणि हँडल पक्के बांधले नसेल तर गाडी लगेच झोले खाऊ लागते.

तिसरी रीत ट्रेलरची. वजनदार गाडी, लांब अंतर किंवा मऊ जमीन असेल तर यासारखी दुसरी सोय नाही. पण येथे गोची होते ती गाडी वर चढवायच्या फळीची. वेगाच्या गाड्या लांब आणि जमिनीलगत असतात. चाकांमधले अंतर १८० सेंटीमीटर आणि पोटाखाली मधोमध ८ सेंटीमीटर मोकळे असेल, तर सुमारे १० अंशांपेक्षा तीव्र चढाच्या माथ्यावर गाडीचे पोट टेकते. ट्रेलरची पाटी, म्हणजे गाडी उभी करायचा पृष्ठभाग, ४५ सेंटीमीटर उंच आणि फळी ८ फुटी असेल तर चढ होतो जवळपास ११ अंशांचा. म्हणजे नेमकी तेथेच गाडी अडकणार, पुढचे चाक वर, मागचे फळीवर, आणि चौघे घामाघूम. १२ फुटी फळी घेतली की चढ ७ अंशांवर येतो. पण ती फळी ठेवायची कोठे, हाही प्रश्नच. ज्यांना परवडते ते पाटी थेट जमिनीला टेकणारा ट्रेलर घेतात. गाडी सरळ आत ढकलायची आणि पाटी वर उचलायची. भाड्याने मिळाला तर असाच मिळवावा.

ट्रेलरवर गाडी आवळताना पट्टे हँडलला किंवा फेअरिंगच्या कानांना लावू नयेत. फोर्कच्या खालच्या जोडपट्टीला मऊ फास टाकून दोन्ही बाजूंना लावावेत आणि मागून आणखी दोन. रस्त्यावरच्या गाडीचा फोर्क थोडा दाबून ठेवला की त्याच्या ताणामुळे पट्टे घट्ट राहतात. वेगाच्या कित्येक गाड्यांना मात्र मागे शॉकअब्सॉर्बरच्या जागी ताठ दांडाच असतो आणि पुढचा फोर्कही जेमतेम हलतो. तेथे दाबायला काही नसते, म्हणून मिठातल्या खाचांवरून चार हिसके बसले की पट्टा सैल होतो. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून पुन्हा आवळावा, आणि पट्ट्याचे मोकळे टोक चाकात जाणार नाही असे बांधावे.

संपूर्ण गाडी आडवी उचलून पिकअपच्या मागे लटकवायची फळीही बाजारात मिळते. तिने सारा भार पिकअपच्या मागच्या टोकावर, तोही लांब तरफेने येतो. हलक्या गाडीला ठीक, बाकीच्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

मिठाबद्दल थोडे. वरून कोरडे दिसणारे मीठ खाली ओलसर असते आणि पिकअपच्या चाकांनी उडालेला त्याचा चिखल मागच्या गाडीवर थापला जातो. म्हणून ओढण्यापूर्वी इंजिनाची हवा घेणारी तोंडे कापडाने किंवा बुचाने बंद करावीत, आणि पाळण्याला चाकांमागे रबराचा पडदा लावावा. ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरिंगचे सांधे मिठाने पहिले खाल्ले जातात. मैदानाची अवस्था दरवर्षी सारखी नसते. २०१४, २०१५ आणि २०२२ या तिन्ही वर्षी पाणी साचल्यामुळे किंवा मिठाचा थर चांगला नसल्यामुळे स्पर्धाच रद्द करावी लागली होती. मीठ मऊ असेल त्या वर्षी जड ट्रेलर ठरलेली वाट सोडून कडेला नेऊ नये, तो रुततो.

लेखात ज्यांचा उल्लेख ‘बंदुकीच्या गोळीसारखी’ असा आहे, त्या पूर्ण बंद मोटारसायकलींकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रॉकी रॉबिन्सन यांनी सप्टेंबर २०१० मध्ये ताशी ३७६.३६३ मैलांचा, म्हणजे सुमारे ६०६ किलोमीटरचा विक्रम केला तो अशाच यंत्रावर. त्यात दोन सुझुकी हायाबुसा इंजिने होती. अशा यंत्रात चालक बंद कवचात पडून असतो, त्याला पाय टेकता येत नाहीत. म्हणून यंत्राला दोन्ही बाजूंना आत घेता येणारे छोटे टेकू असतात आणि यांतली कित्येक यंत्रे सुरुवातीला मोटारीने दोराने ओढूनच हलवतात. यंत्र स्वतःचा तोल सांभाळण्याइतके वेगात आले की चालक आतून दोर सोडतो आणि टेकू आत घेतो. दोर सोडायची ही सोय सांगाड्यात, मध्यरेषेवर, पहिल्या आराखड्यातच असते, कारण तिच्यावाचून धाव सुरूच होत नाही. साध्या, उघड्या मोटारसायकलीवाले मात्र गाडी पुरी झाल्यावर मैदानावर उभे राहून विचारतात, ‘टोचन कोठे लावायचे?’

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की सांगाड्याचे वेल्डिंग सुरू असतानाच तीन जागा ठरवून टाकाव्यात. स्टिअरिंगच्या नळीखाली, फोर्कबरोबर न फिरणाऱ्या भागावर, मध्यरेषेत एक भक्कम कडी, जिच्यात पट्टा अडकवला तरी खटका दाबताच सुटेल. फेअरिंगमध्ये त्या कडीसमोर बंद करता येणारी एक खिडकी. आणि सांगाड्याच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना पट्टे आवळण्यासाठी दोन कड्या, म्हणजे कोणी उत्साही मदतनीस सायलेन्सरला पट्टा लावणार नाही. या सगळ्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरेल. वेगाच्या गाडीत जास्त वजन तितकेसे आड येत नाही. तेथे झगडा हवेशी असतो आणि मागच्या चाकाला पकड मिळावी म्हणून काही जण तर शिसे बांधतात. तेव्हा वजनाची सबब येथे चालणार नाही.

यानंतर घरच्या घरी तालीम करावी. एखाद्या मोकळ्या मैदानात, परवानगी घेऊन, गाडी पाळण्यात चढवणे, उतरवणे, पिकअप जास्तीत जास्त वळवून हँडलवर पीळ येतो का ते पाहणे, आणि पिकअपचा चालक व मागचा माणूस यांच्यातल्या हाताच्या खुणा पक्क्या करणे. पिकअपमध्ये मागे तोंड करून बसलेला एक माणूस हवाच; आरशावर विसंबू नये. ‘थांब’ची खूण एकच असावी आणि ती कोणीही केली तरी पाळली जावी. इंजिनाच्या चाचण्यांसाठी त्यांनी राखून ठेवलेल्या वेळातली एक दुपार यासाठी पुरे.

खर्चाच्या चौकटीत फिरत्या सांध्याचा पाळणा, चार चांगले रॅचेट पट्टे, मऊ फास आणि एका सुट्या पट्ट्याची भर घालावी, आणि भाड्याने घेतलेल्या पिकअपला दोन इंची सॉकेट आहे ना, हे आरक्षण करतानाच लेखी विचारून घ्यावे; भाड्याच्या सगळ्या गाड्यांना ते असतेच असे नाही, आणि काही कंपन्या मागे काही ओढायला मनाईही करतात. विद्यार्थ्यांना पाळण्याचा आराखडा हवा असल्यास मी आनंदाने काढून देईन. आपल्या कार्यालयामार्फत त्यांनी निरोप पाठवावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र अभियंता, पुणे